करकंबला बंद पडलेली गाडी

परवा सोलापुरात एका शोरूममध्ये नव्या गाडीत बसलो. ती बनवणारी, बुडता बुडता वाचलेली कंपनी आता म्हणे भरवशासाठी नावाजली जाते. शेजारी बायको बटणं दाबत होती. कोऱ्या सीटच्या वासानं माझे डोळे मिटले आणि मी थेट हिच्या माहेरी, करकंबला पोचलो.

लग्नाआधी हिला बघायला आम्ही याच कंपनीच्या, माझ्या मामांच्या जुन्या गाडीतून गेलो होतो. मामा ती कायम उतारावर लावत, म्हणजे घरंगळत तरी सुरू व्हायची. हिच्या दारात मात्र सगळं सपाट. पोहे झाले, निरोप झाले आणि गाडी ढिम्म. नव्या शर्टानिशी मी ढकलू लागलो. तापलेला पत्रा, पेट्रोलचा वास, पिवळं ऊन. अजून सगळं तसंच डोळ्यांपुढे तरंगतं.

“आता कसली पोरगी देत्यात,” मामा स्टेअरिंगवरून पुटपुटले.

तेवढ्यात हिचे वडील धोतर खोचून माझ्याशेजारी ढकलायला आले. “गाडीचा भरवसा न्हाय,” ते धापा टाकत म्हणाले, “पर तुमी तिला सोडून बाजूला झाला न्हाय. देतो की पोरगी.”

तोच इंजिन खोकलं. पुन्हा बंद पडेल या भीतीनं मामा थांबलेच नाहीत, आणि निळ्या धुरात मी सासऱ्यांसोबत उभा राहिलो.