दुसरी आणि चौथी एका घरात नको

नमस्काराला कुणी हात जोडले, की काका त्यातला एक हात अलगद काढून घेत आणि मनगटावर तीन बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहत. समोरचा माणूस उरलेल्या एका हाताने नमस्कार सांभाळत ताटकळे. मिनिट पुरं झालं की आकडा सांगून काका हात परत करत. मी वर्ध्याहून फार्मसी शिकून, लग्न करून रायपुरात आले आणि तेलीबांध्याच्या त्या औषधाच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझाही हात गेला.

"ब्याण्णव," काका म्हणाले. "घाबरली काहून? मी काय खातो तुले?"

सरकारी दवाखान्यात उभी हयात गोळ्या वाटून ते निवृत्त झाले होते आणि आता आमच्या काउंटरवर उभे असत. खिशात लाल पेन. हृदयाच्या ठोक्यांची गोळी आली, की पाकिटाच्या पाठीवर ते एक ते चार यांपैकी एक आकडा लिहीत. नावं कंपनीगणिक बदलतात, गोळीचं काम बदलत नाही, म्हणून आकडा लक्षात ठेवा, असं ते गिऱ्हाइकाला बजावत.

उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमधला एक कामगार आईची औषधं न्यायला यायचा. त्याला त्यांनी सगळं त्याच्याच मिलवरून समजावलं होतं. पहिली गोळी फाटक अरुंद करते, म्हणजे विजेची लहर हृदयात शिरते तीच सावकाश शिरते. दुसरी मुकादमाचं तोंड बंद करते. आपण घाबरलो, चिडलो की अंगातून जी ओरड सुटते, ती हृदयाला ऐकूच जात नाही. तिसरी दोन पाळ्यांमधली सुटी लांबवते, म्हणजे एक ठोका झाला की हृदयाला लगेच पुन्हा जुंपता येत नाही. चौथी बसते वरच्या आणि खालच्या खात्यामधल्या नाक्यावर, म्हणजे ठोक्याचा निरोप हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात थांबवून थांबवून सोडते. झटका येऊन गेलेल्याला पहिली देऊ नये, तिसरीवर असलेल्याचं थायरॉइड तपासत राहावं, हेही ते सांगत. पण शेवट ठरलेला असे.

"दुसरी आणि चौथी एका घरात नको."

कारण दुसरीही फिरून फिरून त्या नाक्यालाच दाबते. दोघींनी मिळून दाबलं, तर निरोप खाली पोचत नाही आणि नाडी बसत जाते. दवाखान्यात, नजरेखाली ठेवून एखादा डॉक्टर दोन्ही देईलही. घरी नेऊन गिळायचं ते काम नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय सेवाभावी माणूस! तसं म्हणू नका. मी एकदा म्हटलं, तर काका माझ्यावर खेकसले. "सेवा-बिवा काही नाही, पोरी. मी बदला घेऊन राहिलो."

त्यांच्या बायकोला धडधडीचा त्रास होता आणि दुसरी गोळी चालू होती. धडधड थांबेना म्हणून ते तिला शहरातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी फाइल उघडली नाही आणि चौथी लिहून दिली. काकांनी केबिनमध्ये परत जाऊन विचारलं, साहेब, हिला दुसरी चालू आहे, चालेल का? डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "तुम दवा बेचते हो, लिखते नहीं."

काका केबिनमधून बाहेर आले. गोळी त्यांनी स्वतःच आणली आणि स्वतःच्या हाताने तिला दिली. तिसऱ्या दिवशी पंडरीच्या कापडबाजारात भाचीच्या लग्नाच्या साड्या बघताना ती गादीवरच कलंडली. समोर साड्यांची चळत तशीच पसरलेली. काकांनी मनगट धरलं. मिनिटाला तीस. दवाखाना येईपर्यंत मोजायला काही उरलं नव्हतं. पुढे त्यांनी तक्रार केली, चौकशी झाली, आणि वय झालं होतं असा निकाल लागला.

तेव्हापासून त्या डॉक्टरांची चिठ्ठी आली, की काका चष्मा पुसून ती वाचायला घेत. आधीच्या गोळ्या कोणत्या, हे गिऱ्हाइकाकडून काढून घेत. दुसरी-चौथी जुळली, की चिठ्ठीच्या पाठीवर लाल शाईने लिहीत, ‘फाइल पाहून पुन्हा सांगा’, आणि गिऱ्हाइकाला भरउन्हात परत पाठवत. आठवड्यातून एखादी तरी चिठ्ठी अशी जाई. डॉक्टरांचा मालकांना फोन आला. मालकांनी काकांना हात जोडले, तर काकांनी त्यांचीही नाडी पाहून घेतली. किती माणसं त्या लाल शाईने वाचली असतील, देव जाणे. काकांना त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या केबिनमध्ये आपली लाल शाई पोचली, एवढ्यानेच ते दिवसभर खूश असत.

मग एका दुपारी डॉक्टरांचा ड्रायव्हर आला. दोन संपलेली पाकिटं त्याने काउंटरवर ठेवली आणि साहेबांसाठी हीच द्या म्हणाला. एक गोळी साहेब रक्तदाबासाठी स्वतःच्या मनाने कित्येक वर्षं घेत होते. दुसऱ्या पाकिटातली नवी गोळी हाताखालच्या कुण्या डॉक्टरने गेल्या आठवड्यात लिहून दिली होती. साहेब गाडीतच बसलेत, चक्कर येतेय त्यांना, असंही तो म्हणाला.

काकांनी दोन्ही औषधं काढली. रक्तदाबाच्या गोळीवर दोन लिहिलं, नव्या गोळीवर चार. मग ती हातात धरून तसेच उभे राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि, खोटं कशाला बोलू, मला वाटलं, द्या काका, देऊन टाका. गिऱ्हाइकाने मागितलं, आपण दिलं. आपण तर फक्त विकतो.

"साहेबाले घेऊन ये," ते ड्रायव्हरला म्हणाले.

डॉक्टर आले. काकांना त्यांनी ओळखलं नाही. काकांनी न विचारता त्यांचं मनगट धरलं आणि पूर्ण एक मिनिट, घाम पुसण्यापुरताही हात न सोडता, भर दुकानात त्यांना उभं ठेवलं. पाच-सहा गिऱ्हाइकं बघत होती.

"चव्वेचाळीस," काका म्हणाले आणि मग खुर्ची दिली. मला दवाखान्याची गाडी बोलवायला सांगितली. मी फोन करत असताना त्यांनी दोन्ही पाकिटं डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली आणि परीक्षेत विचारावं तसं शांतपणे हिंदीत विचारलं, ही दोन एकत्र का देत नाहीत ते सांगा. डॉक्टरांनी आकडे पाहिले. लाल शाई त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, अगदी नाक्यापर्यंत. मग काकांनी बायकोचं नाव घेतलं आणि हे तेव्हा ठाऊक होतं का, असं विचारलं.

"पता था," डॉक्टर म्हणाले. "फाइल नहीं देखी."

गाडी आली, त्यांना घेऊन गेली. ते वाचले. चौथी बंद झाली, दुसरी कमी करून पुढे चालू राहिली.

मी संतापले होते. एवढी वर्षं वाट पाहिली आणि हातातला माणूस सोडून दिलात, मी म्हणाले. काका पेनाला टोपण लावत होते.

"मेला असता तर एकदाच मेला असता," ते म्हणाले. "आता तो रोज सकाळी गोळी खाईन, अन् रोज तिचं नाव आठवीन."

काका यंदा काविळीने गेले. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं. शोकसभेत वक्त्यांनी सेवा, निष्ठा, समर्पण असलं बरंच काही म्हटलं. मी पाच मिनिटांत उठून आले.

डॉक्टरांची दुसरी आता दर महिन्याला आमच्याकडूनच जाते. काकांचं लाल पेन माझ्याकडे आहे. परवा ड्रायव्हर जरा चाचरतच म्हणाला, दीदी, साहेबांची विनंती आहे, पाकिटावर तो आकडा लिहू नका.

मी त्याच्याकडून पाकीट परत मागून घेतलं. दोनचा आकडा होताच. त्याच्या खाली मी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं.