कोर्टाच्या बाकावरचं पीठ

आमच्या धाकट्या दिरांची पावाची भट्टी आहे. सगळे झोपतात तेव्हा त्यांचा दिवस उजाडतो आणि लोक कामाला निघाले की यांचे डोळे जड होतात. जन्मभर हेच चाललंय. त्यामुळे दिवसाउजेडी भाऊजी जिथं टेकतील तिथं झोपतात. न्हाव्याच्या खुर्चीत झोपतात. दाढ काढायला गेले होते, तर तिथंही झोपले. त्यांच्या लग्नाच्या फोटोत नवरी समोर बघतेय आणि नवऱ्याची मान तिच्या खांद्यावर. बघणाऱ्याला वाटतं, काय प्रेम आहे. माझी जाऊ म्हणते, "प्रेम कसलं, घोरत होते."

या झोपेपायीच त्यांच्यावर वॉरंट निघालं.

गुन्हा म्हणाल तर एवढाच, की पावाची हातगाडी रस्त्यात आडवी राहिली आणि मागं गाड्यांची रांग लागली. खटला झाला, तारीख मिळाली. तारखेला भाऊजी भट्टीवरून आले, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि वेळेच्या आधी कोर्टात जाऊन दाराबाहेरच्या बाकावर बसले. बसले, तिथंच घोटाळा झाला. जाग आली तेव्हा झाडूवाली त्यांच्या पायाखालून झाडत होती आणि शिपाई कुलूप शोधत होता. घरी येऊन म्हणाले, "आज काही आपला नंबर लागला नाही." आम्हीही म्हटलं, असेल.

पुढं एका सकाळी पाव घेता घेता हवालदार म्हणाला, "काका, तुमच्या नावाचं वॉरंट आलंय. कोर्टात का गेला नाहीत?"

"गेलो होतो की."

"मग नाव पुकारलं तेव्हा कुठं होता?"

भाऊजी पाव बांधण्यात गुंतले. हवालदार काय ते समजला. म्हणाला, "मला धरून न्यायला लावू नका. तुम्हाला आत टाकलं तर मी खाऊ काय? आपणहून जा आणि रद्द करून घ्या."

जावेनं रडून घर डोक्यावर घेतलं. भाऊजी आत गेले तर भट्टी विझणार, आणि दवाखान्यातल्या पेशंटांचा पाव आमच्याकडूनच जातो. एक दिवस चुकला की दुसरा कोणी तिथं शिरायला टपलेलाच आहे. मग आम्ही तिघं वकीलबाईंकडं गेलो. पोर माझ्या नातीच्या वयाची, पण बोलणं कसं स्वच्छ. म्हणाली, "मी अर्ज देते. वॉरंट रद्द होईल. पण नाव पुकारल्यावर काका उभे राहिले पाहिजेत. या वेळीही गैरहजर लागले, तर साहेब माझंही ऐकणार नाहीत. काका, कळलं ना?"

काका झोपले होते.

घरी परतल्यावर एकच विषय, यांना जागं ठेवायचं कसं. जाऊ म्हणाली, "मी चिमटे काढते." भाऊजी म्हणाले, "बत्तीस वर्षं काढतेयस. सवय झालीय." कोर्टात जायच्या आदल्या रात्री भट्टी भाच्यावर सोपवून झोपा म्हटलं, तर आडवे झाले आणि छताकडं बघत पडून राहिले. अंधारात झोपायचं कसं ते माणूस विसरूनच गेलाय.

शेवटी मीच विचारलं, "भाऊजी, भट्टीवर कशी नाही झोप येत?"

"तिथं हात पिठात असतात ना, वहिनी."

म्हटलं, मग पीठच घेऊ बरोबर. मी पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली, तर त्यांनी नाक मुरडलं. "हे मेलेलं पीठ. याला हात लावून कसली जाग येणार?" आणि भट्टीवरचं, खमीर घातलेलं पीठ डबा भरून आणलं.

जाऊ भट्टीवर थांबली, मी कोर्टात गेले. त्याच बाकावर आम्ही बसलो. भाऊजींनी डबा मांडीवर घेतला आणि मळायला लागले. येणारेजाणारे बघायचे. शेजारी काळा कोट घातलेला एक वकील होता, तो कागद छातीशी धरून जरा सरकून बसला. भाऊजी टक्क जागे. मलाच मेलीला पेंग यायला लागली, तर म्हणतात, "वहिनी, तुम्ही पडा जरा, मी आहे."

पुकारा झाला. डबा बाकावर ठेवून भाऊजी आत गेले, मागून मी. हात कोपरापर्यंत पांढरे.

न्यायाधीश साहेबांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"पीठ, साहेब. झोप येऊ नये म्हणून."

वकीलबाईंनी डोळे मिटले. पण भाऊजींनी सगळं सरळ सांगून टाकलं. रात्रीची भट्टी, दिवसाची झोप, बाक. साहेब म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही इथंच होता? कुणी पाहिलंय?"

दाराशी उभा असलेला शिपाई खाकरला. "मी पाहिलंय, साहेब. यांच्या डोक्याशी उभा राहूनच मी पुकारा केला. मला वाटलं, कुणाच्या तरी सोबतीला आलेले आजोबा आहेत. म्हटलं, झोपू दे."

साहेबांनी तोंडावर कागद धरला. तो कागद बराच वेळ हलत होता. मग म्हणाले, वॉरंट रद्द. भाऊजींनी गाडीचा गुन्हाही तिथल्या तिथं कबूल केला, थोडा दंड झाला आणि खटला मिटला. सही केली तिथं अर्जावर पांढरा पंजा उमटला. कारकुनानं फुंकर मारून पाहिली, नाही निघाला.

बाहेर येतो तर शिपाई हाक मारतोय, "आजी, तुमचं पीठ निघालं बघा." तेवढ्यात पीठ फुगून डब्याच्या काठावरून बाकावर उतरलं होतं. भाऊजींनी ते पोटच्या पोरासारखं गोळा केलं. शिपायाला म्हणाले, "याचा पाव तुम्हालाच दिला असता, पण लाच होईल."

"दुकानात येऊन विकत घेईन की," तो म्हणाला.

बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि मांडीवरचा डबा माझ्याकडं देता देताच भाऊजींची मान माझ्या खांद्यावर आली. पीठ पुन्हा फुगत होतं, मी झाकण दाबून धरलं. कंडक्टर तिकीट द्यायला आला, त्यांच्याकडं बघून हळूच म्हणाला, "आजी, आजारी आहेत का हो हे?"

म्हटलं, "नाही बाबा. सुटलेत."