मास्तरांचा घेवडा आणि सूनबाईची जाई

मास्तरांचं शिलाई मशीन मुलाच्या घरी आलं तेव्हा गोणपाटात गुंडाळून सुती दोरीने करकचून बांधलेलं होतं, आणि चार महिने उलटले तरी ते पलंगाच्या पायथ्याशी तसंच बसून होतं. मुलाने दोनदा विचारलं, "बाबा, सोडू का हो ते?" दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "राहू दे रे, काय घाई आहे." खरं कारण वेगळं होतं. मास्तरांना परत जायचं होतं. परत जायचंच आहे तर बांधलेलं सामान सोडायचं कशाला?

एकेचाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले. बायको गेली, पाठोपाठ डोळ्यांनीही हात वर केले. सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाची मनधरणी करावी लागायला लागली, तेव्हा मुलाने येऊन दुकानाला कुलूप लावलं आणि बापाला घरी आणलं. मुलगा लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. म्हणजे घरात उरले दोघं, मास्तर आणि सूनबाई. सूनबाई हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये कामाला होती. लोकांचे मोडलेले हातपाय बांधायचे, बरे झालेले सोडायचे. ती बोलायला कमी, आणि मास्तर तिच्याहून कमी. दोघं एकमेकांशी इतकं जपून वागायचे की नवख्या माणसाला वाटावं, सकाळीच कडाक्याचं भांडण झालंय.

जुन्या दुकानाशेजारी एक इस्त्रीवाला होता. तो फोनवर म्हणायचा, "मास्तर, माझा माळा रिकामा पडलाय. कधीही या. तुमच्याशिवाय चहा प्यायला मजा येत नाही." चहा प्यायला मजा येत नाही, हे वाक्य मास्तर दिवसभर मनात घोळवायचे. इथे चहा वेळेवर मिळायचा, कपाला बशीही असायची. पण "चला मास्तर, एक कटिंग मारू" असं म्हणणारं कोणी नव्हतं.

एका रविवारी सूनबाई आपणहून म्हणाली, "बाबा, मागच्या भिंतीची जाळी अशीच उघडी पडलीय. एखादी वेल लावू या का? मला जाई हवी होती कधीपासून."

"जाई? फुलांनी पोट भरतं का?" मास्तर म्हणाले. "लावायचं तर खायचं काहीतरी लावावं. घेवडा लाव. झटपट येतो, शेंगा देतो, मोकळा होतो."

"जाईचा वास येतो ना पण."

"वास घेऊन जेवायचं का मग?"

अखेर वाटणी ठरली. मास्तरांनी टेप काढला, जाळी मापली, आठ फूट दोन इंच भरली, बरोब्बर मधोमध खडूने रेघ मारली. डावीकडे घेवडा, उजवीकडे जाई. त्याच दिवशी त्यांनी इस्त्रीवाल्याला फोन केला, "घेवडा निघाला की येतो बघ. तोवर माळा झाडून ठेव." मास्तर शब्दाचे पक्के. गिऱ्हाइकाला मंगळवार सांगितला तर कपडा मंगळवारी तयार असायचा, फार तर बुधवारी.

घेवड्याने सहाव्या दिवशी मान वर काढली. जाईचं रोप मात्र रुसल्यासारखं बसून राहिलं. पंधरा दिवस झाले, एक पान फुटलं, तेही बोटाच्या नखाएवढं. मास्तरांना चेव चढला. रोज सकाळी टेप घेऊन ते घेवडा मापायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आकडा जाहीर करायचे. "चौदा इंच! तुमच्या जाईबाईंची तब्येत कशी आहे?" सूनबाई डबा भरता भरता हसायची. इतक्या महिन्यांत ती मास्तरांच्या बोलण्यावर हसली ती तेव्हा पहिल्यांदा. मास्तरांच्या ते ध्यानात आलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

बांधायला त्यांच्याकडे चिंध्यांची पिशवी होती. दुकान आवरताना सगळं टाकलं, ही पिशवी टाकवली नव्हती. बँकेतल्या बाईंच्या हिरव्या ब्लाउजची पट्टी, एका नवरदेवाच्या कोटाचं अस्तर, पोस्टमनच्या खाकीचा तुकडा. घेवड्याच्या प्रत्येक वेलीला त्यांनी एकेक गिऱ्हाईक नेमून दिलं. शेंडा काठीभोवती गुंडाळायचा आणि पट्टीने गाठ मारायची, बटण टाचावं तशी पक्की.

आणि इथेच घोळ सुरू झाला. आज गुंडाळलेली वेल उद्या सकाळी सुटून भलतीकडेच वळलेली असायची. काही गाठीही सैल झालेल्या दिसायच्या. मास्तरांच्या हातची गाठ! जी गाठ सोडवायला लोक कात्री मागायचे, ती आपोआप सैल होईल? मास्तरांनी पुन्हा बांधलं. पुन्हा सुटलं. आठ दिवस हा खेळ चालला, आणि नवव्या दिवशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. घरात माणसं दोन. एक आपण. मुलगा तर चार दिवस रस्त्यावर. मग राहिलं कोण?

हिला सगळी जाळी जाईला हवी, मास्तरांनी ठरवून टाकलं. तोंडाने म्हणवत नाही म्हणून असं करते. आणि जाळीतला अर्धा हिस्सा जिला जड होतो, तिला घरातला म्हातारा किती जड होत असेल? ते पलंगावर बसले, बांधलेल्या मशीनवर पाय ठेवला आणि त्यांना फार वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. दुपारी त्यांनी इस्त्रीवाल्याला फोन लावला. "घेवड्याची वाट बघत नाही आता. येत्या रविवारी येतो."

पण जायच्या आधी चोर रंगेहाथ पकडायचा, एवढी हौस राहिली होती. दुसऱ्या दिवशी तीन वाजता, सूनबाईची ड्यूटी सुटायच्या वेळेला, ते स्वयंपाकघराच्या खिडकीआड स्टूल टाकून बसले. ती आली. पाणीसुद्धा प्यायली नाही, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतच थेट मागे गेली आणि जाळीसमोर उकिडवी बसली. पोस्टमनची गाठ तिने सोडली. मास्तर ताडकन उठले.

"तरीच! सूनबाई, त्या वेलीने तुझं काय घोडं मारलंय गं?"

ती दचकली. हातातली खाकी पट्टी तशीच राहिली. मास्तरांना वाटलं, आता ही रडेल नाहीतर नाही म्हणेल. ती दोन्हींपैकी काहीच करेना. म्हणाली, "बाबा, तुम्ही उलटं गुंडाळता."

"काय?"

"घेवडा एकाच बाजूने चढतो. वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट. तुम्ही रोज घड्याळासारखा गुंडाळता. मग तो बिचारा सुटतो आणि पुन्हा आपली काठी शोधत बसतो. मी आल्यावर नीट वळवून ठेवते. सकाळी तुम्ही परत सोडून तुमच्या बाजूने फिरवता."

"वेलीला काय कळतंय डावं-उजवं!"

"थांबा मग. हात लावू नका. बघाच."

मास्तर हट्टाला पेटले. स्टूल अंगणात आलं. एक मोकळा शेंडा जिथे होता, तिथे त्यांनी भिंतीवर खडूने खूण केली. सूनबाईने कपडे बदलले, चहा आणला, आणि नवलाची गोष्ट म्हणजे आपलाही कप घेऊन ती पायरीवर बसली. चहा संपेतो शेंडा खुणेपासून दोन बोटं सरकला. ऊन उतरेतो पुरता वळून काठीला टेकला होता. घड्याळाच्या उलट. मास्तरांनी स्टुलावर चढून वरून बघितलं, खाली उतरून बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. हवेत मशीनच्या बॉबिनवर दोरा गुंडाळल्यासारखी बोटं फिरवली. हात गेला तो घड्याळाच्या बाजूने.

"एकेचाळीस वर्षं," ते म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. इतकं की चष्मा काढावा लागला. "अगं, मी घेवड्याची रीळ भरत होतो!"

सूनबाईही खो खो हसली. हसू ओसरल्यावर मास्तरांनी विचारलं, "आणि गाठी का सोडायचीस?"

"घट्ट असतात. हाताला पट्टी बांधली तर खाली एक बोट गेलं पाहिजे. नाहीतर सूज आली की पट्टी कापते. वेलही जाड होतेच ना."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाहीस का?"

ती कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "कसं सांगू? इथे आल्यापासून पहिल्यांदा तुम्ही कशात तरी रमला होता. चुकतंय म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं तुम्ही. आणि मशीन तर बांधलेलंच आहे. रोज केर काढताना बघते मी, दोरी सुटली का म्हणून."

ज्या माणसाला आपण नकोसे आहोत असं मास्तरांनी धरून ठेवलं होतं, ते माणूस रोज सकाळी वाकून त्यांची दोरी बघत होतं. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी फार बरंही वाटलं.

"तुला जाईच का हवी होती?" त्यांनी विचारलं.

"घेवडा चार महिन्यांत आटपतो बाबा. मग जाळी परत उघडी. जाई राहते. पण ती आपली आपण चढत नाही. तिला कोणीतरी रोज धरून बांधावं लागतं. मी ड्यूटीवर असते. म्हटलं, घरात तुम्ही आहात."

"जाळी भरायला किती दिवस घेईल?"

"दोन वर्षं. तीन धरा."

मनातल्या मनात मास्तरांनी आपल्या वयात तीन मिळवले. बेरीज काही वाईट आली नाही.

रविवारी ते गेले नाहीत. पुढे घेवडा असा लदबदला की मुलगा म्हणाला, "आता बसमधल्या पॅसेंजरांना वाटू का शेंगा?" शेवटच्या शेंगा उतरल्या, वेली पिवळ्या पडल्या, आणि इस्त्रीवाल्याचा फोन आला. "काय मास्तर, निघाला का घेवडा?"

"निघाला."

"मग कधी येताय?"

"चहा प्यायला येईन एकदा. माळा कोणाला तरी देऊन टाक."

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली तेव्हा डावीकडची जाळी मोकळी झाली होती. खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसलेली होती. जाईच्या दोन लांब फांद्या रेघेच्या जागेपलीकडे नेऊन बांधल्या होत्या, आणि मास्तर तिसरी हातात धरून उभे होते. बांधायला चिंधी नव्हती. सुती दोरी होती, जाडसर, ठिकठिकाणी गोणपाटाचे धागे अडकलेली, आणि ती कुठली ते तिला विचारावं लागलं नाही.

"दारात काय उभी राहिलीस?" मास्तर म्हणाले. "इकडे ये. खाली बोट जातंय का बघ."