दोन-दोन सुया

दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज शिवते. बत्तिसाव्या वर्षी मला पहिली फिट आली ती याच दुकानात, अस्तर कापताना. कात्री हातातून कधी सुटली ते कळलंच नाही. शुद्धीवर आले तेव्हा समोरचा चपलांचा दुकानदार माझ्या नाकाशी जोडा धरून बसला होता आणि सासूबाई रडत होत्या.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून गोळ्या सुरू केल्या. आधी थोड्या, मग वाढवत नेल्या. फिट थांबल्या. घरच्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. माझं मात्र वेगळंच सुरू झालं. सकाळी गोळी घेऊन दुकान उघडलं की थोड्या वेळानं एका सुईच्या दोन सुया दिसायच्या. खऱ्या सुईत दोरा ओवायला जावं तर दोरा हवेतून जायचा. उठून उभी राहिले की जमीन तिरपी. मी डोळ्यांवर खापर फोडलं, चष्मा करून घेतला. काही फरक पडला नाही.

एका शिक्षिकेनं पोरीच्या साखरपुड्यासाठी ब्लाउज टाकला होता. मी त्याच्या बाह्या उलटसुलट जोडल्या. तिनं आरडाओरडा केला नाही. घडी घालत एवढंच म्हणाली, "ताई, तुमचा हात असा नव्हता."

ते मला फार लागलं. तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सगळं बरं आहे." बाहेर रांग मोठी होती, आणि गोळी बदलली तर फिट परत येईल ही धास्ती. मग माझा मीच उपाय काढला. सकाळची गोळी अर्धी करायची. उरलेली अर्धी मशीनच्या खणात, बटणांच्या डबीत.

पंधरा दिवस इतके छान गेले की काय सांगू. नजर साफ, टाके सरळ. सोळाव्या दिवशी ब्लाउजला इस्त्री करताना फिट आली. इस्त्री माझ्या डाव्या हातावर पडली आणि तिथंच राहिली.

माझा नवरा दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप चालवतो. त्यानंच मला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो दुकान आवरायला गेला आणि ती डबी घेऊनच परत आला.

"हे काय होय?"

"मले दोन-दोन दिसते. शिवणं होत नाही."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी म्हटलं असतं, शिवणं सोडून दे."

त्यानं डबीचं झाकण लावलं. खरंच तसं म्हणाला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं. त्यांनी जळलेला हात पाहिला आणि म्हणाल्या, "गोळी एकदम कमी केली की फिट जोरात येऊ शकते. कमी करायची असेल तर ती मी करीन. पण त्रास तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कसा? दोन दिसणं किती वाजता सुरू होतं? किती वाजता थांबतं?"

गिऱ्हाइकाचं माप मी पाव इंचापर्यंत तोंडपाठ सांगते, आणि माझ्याच अंगाचं मला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी मनाशी पक्कं केलं. शिवणंही सोडायचं नाही आणि गोळीही सोडायची नाही.

मापाच्या वहीची मागची पानं काढली. गोळी कितीला, पोटात काय होतं, दोन दिसणं कितीला लागलं, कितीला गेलं, झोप कशी, सगळं लिहायला लागले. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांनी आपलं काम आपणच ठरवलं. अंगणात शहाबादी फरशीची एक लांब रेघ आहे. रोज सकाळी त्या मला त्या रेघेवरून चालायला लावत.

"आज डाव्या अंगानं गेली," त्या सांगत. "लिही."

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पानांवरून बोट फिरवलं. सकाळच्या गोळीनंतर तासाभरात सुरू, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद, रोज तसंच. रक्त तपासलं. मग त्यांनी त्याच औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी दिली, सकाळी थोडी कमी आणि रात्री थोडी जास्त. चावायची नाही, कुटायची नाही. फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप, डोळे पिवळे, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. नवऱ्यानं ती फाइल जीपमध्येच ठेवली.

आठवडाभरात दोन सुया दिसणं बरंच कमी झालं. पूर्ण गेलं नाही. म्हणून मी कामाची वाटणी बदलली. सकाळी हूक लावणं, काजं करणं, हेम घालणं. कापणं दुपारनंतर, कारण टाका चुकला तर उसवता येतो, काप नाही. इस्त्री फक्त घरी, कोणी सोबत असेल तेव्हा.

त्या हिवाळ्यात घसा धरला. गावातल्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेले. लहान पोरीनं विचारावं तसं मी हळूच विचारलं, "ही माझ्या दुसऱ्या गोळीसोबत चालते का?"

"चालते ना ताई. सगळेच घेतात."

मागं पाच-सहा बायका उभ्या. मी पर्समधून माझ्या गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि आवाज मोठा करून म्हटलं, "सगळे फिटची गोळी नाही घेत. मी घेते. पाहून सांगा."

चारचौघांत मी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. मी काउंटरपासून हलले नाही. मेडिकलवाल्यानं पट्टी पाहिली, मग स्वतःच म्हणाला, "डॉक्टरले फोन लावा ताई." डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, घशाची ती गोळी घेतली असती तर फिटचं औषध रक्तात वाढलं असतं आणि चालणंही मुश्किल झालं असतं. त्यांनी दुसरी सांगितली.

चार दिवसांनी त्या रांगेतली एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन आली. माप देऊन झालं तरी जाईना. शेवटी म्हणाली, "माही पोरगी गोळ्या फेकून देते. वर्गात झोप येते म्हणते. लोकाइले सांगावं कसं?"

मंगळवारी मी दुकान बंद ठेवलं. नवऱ्यानं जीपची मधली सीट आम्हा तिघींसाठी राखली. पोरगी अकरावीतली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि सगळं तिच्याच तोंडून ऐकलं. तिची गोळी बदलायला दोन महिने लागले, एक कमी करत, दुसरी वाढवत. मधे एकदा ती हट्टाला पेटली तेव्हा मी तिला बाही वर करून माझा हात दाखवला. त्यानंतर तिनं गोळी चुकवली नाही. परवा बारावीचा फॉर्म भरून आली आणि कॉलेजच्या निरोप समारंभासाठी बोट-नेकचा ब्लाउज टाकून गेली. तो आज दुपारी कापायचा आहे.