धुरात आधी कोण उतरणार?

शिकवणाऱ्या मॅडमच्या शिट्टीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. कामठ्याजवळ एका ट्रेनिंगवाल्याने जुन्या विमानाचा सांगाडा आणून ठेवला होता. विमानात नोकरी करू पाहणाऱ्या मुली तिथे शिकायच्या आणि प्रवासी म्हणून आम्हा गावकऱ्यांना बसवायचे. मी तिथला माळी, म्हणून दर खेपेला मीही आत. शिट्टी झाली की धूर सोडायचा आणि दीड मिनिटात सगळ्यांनी घसरगुंडीवरून बाहेर. चाळीस गावकरी आणि एवढा धूर, किस्से साठणारच.

पहिल्याच दिवशी दारात गर्दी तुंबली. आत शिरताना सगळ्यांनी चपला दारात काढल्या होत्या. आता धुरात जो तो आपली जोडी शोधत होता!

*

शेवंताबाई थैली सोडेना. "सामान सोडा, जीव वाचवा," मॅडम म्हणाल्या.

"आमच्याकडं घर पेटलं तं आंधी धानाचं पोतं काढतेत," ती म्हणाली. "माणसाले पाय रायते. पोत्याले रायते का?"

*

एक सून घसरगुंडीच्या तोंडाशी अडली. मागचे ओरडले, "काऊन थांबली?"

"खाली भासरे उभे हायेत." नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे सून शिवत नाही. भासऱ्याला कळलं तसा तो तोंड फिरवून पार धानाच्या बांधीपर्यंत पळाला. तेव्हा ती उतरली.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर. खाली आलं की असंच लांब पळायचं."

*

तुंडीलालला मात्र हा खेळ नव्हता. पुढच्या महिन्यात तो आणि त्याची बायको पार्बता विमानाने मुलीकडे जाणार होते. पार्बताचा एक पाय लुळा. काही झालं तर तिला बाहेर कसं काढायचं, तेवढं शिकायला तो यायचा. घरी धानाचं पोतं उचलून, विमानातल्या अरुंद वाटेतून जावं तसा आडवा आडवा चालायचा.

मी म्हटलं, "पोतं कायले?"

"तिले उचललं तं लाजते. पोतं नाई लाजत."

*

शेवटच्या दिवशी तो पार्बताला घेऊन आला. शिट्टी झाली, धूर झाला. आम्ही सगळे उतरलो. तुंडीलाल दिसेना. आतून त्याची हाक येत होती, "पार्बता, कुठं हायेस?"

पार्बता तर बाहेर आमच्यात सतरंजीवर बसली होती. आत तो उचलायला वळेपर्यंत ती खाली बसली आणि अंगण सारवताना सरकते तशी सरकत, सगळ्यांच्या पायांतून केव्हाच बाहेर आली होती.

"धुरात असंच खालून यायचं," मॅडम मुलींना म्हणाल्या.

तुंडीलाल खोकत उतरला.

"खऱ्या विमानात असं शोधत रायले तं तुमी आतच रायाल," पार्बता म्हणाली. "सगळ्यांसमोर कबूल करा. मी दिसली नाई तरी तुमी उतराल."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. त्याने खाली बसून खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिच्या लुळ्या पायाची धूळ पुसली, उठला आणि कबूल न करताच फाटकाकडे चालू लागला.