गादीच्या कापडाच्या टोप्या

हे गेले त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला, अंगणात गेले, गाडीखालचा कागद ओढून पाहिला आणि पायरीवर बसले. मी शाळेत जायला निघाले तेव्हा ते तसेच बसले होते. मी हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. कागद हातात होता.

चौदा दिवसांनी पाहुणे परतले. घरात मी राहिले आणि अंगणात गाडी. दिरांनी जाताना विचारलं, "वहिनी, गाडी विकायची ना?" मी हो म्हणाले. गिऱ्हाईक पाठवतो म्हणाले. त्यानंतरच्या संध्याकाळी मी ह्यांची फाईल काढून बसले. गाडीची सगळी बिलं त्यांनी तारखांप्रमाणे लावली होती. वरची बिलं नव्या गॅरेजची होती, खालची आमच्या जुन्या मिस्त्रींची. वाचता वाचता मला दिसलं, की काम दोन्हीकडे तेच लिहिलं होतं. पॅकिंग बदललं, मागचं ऑइल सील बदललं, तेल भरलं. गॅरेज बदलूनही गळती तीच राहिली होती. आणि त्या मिस्त्रींना मी तीन वर्षांपूर्वी चार माणसांत चोर ठरवलं होतं. आपण चुकलो होतो की काय, हे कळल्याशिवाय गाडी दारातून जाऊ द्यायची नाही, असं मी त्या संध्याकाळी ठरवलं.

ही गाडी ह्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातून घेतली होती. बंगल्यातलं कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं. जीप म्हणावी तर मोठी, मोटार म्हणावी तर उंच, अशी ती विलायती गाडी होती. आत चामड्याच्या गाद्या, दारांना लाकडी पट्टी आणि मागच्या सीटवर वाचायला छोटा दिवा. शहरात तसली दुसरी गाडी मी पाहिली नाही. हे रस्त्यांची लहान कामं घ्यायचे. सुरगाण्याकडच्या घाटांत मोऱ्या बांधायच्या, दरीच्या बाजूला भिंती उभ्या करायच्या. तिकडे जायला गाडी दणकट हवी, हे त्यांचं कारण होतं. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला मागे बसवून तो दिवा लावून दाखवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दणकटपणाचा विचार दिसत नव्हता.

रविवारी मी त्यांच्याबरोबर जायची. ते कामावर उतरले की मी मागच्या सीटवर बसून वह्या तपासायची, नाहीतर वाचायची. दुपारी सावलीत डबा उघडायचा. जेवताना ते कामाबद्दल बोलत. भिंतीला भोकं का ठेवतात हे मला तिथेच कळलं. ओव्हरसियरला ते नेहमी सांगत, "अहो, भिंत कितीही जाड बांधा, पाठीमागचं पाणी जायला वाट ठेवली नाही, तर ते भिंतच ढकलून देतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ते सुरू झालं की मी लोणच्याची फोड पुढे करायची.

पहिल्या उन्हाळ्यातच गाडी तेल गाळू लागली. हे संध्याकाळी इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवत आणि सकाळी डाग बघत. "कालच्यापेक्षा कमी आहे," असं बहुतेक वेळा म्हणत. छापलेल्या कागदावर तेल सांडलेलं मला आवडत नसे. म्हणून मी त्यातली रविवारची पुरवणी आधी काढून घ्यायची.

मिस्त्रींचं गॅरेज द्वारका चौकाच्या पुढे, आग्रा रोडला होतं. विंचूरकडचे होते ते. इंजिनाच्या सांध्यांत बसवायचं पॅकिंग ते स्वतः कापायचे. जाड कागद लोखंडावर ठेवायचा आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं. कागद बरोबर त्या आकारात सुटायचा. मला ते बघायला आवडायचं. तेल अडवणारं मागचं सील बदलायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागे, त्यात तीन दिवस जात, आणि सील मुंबईहून मागवावं लागे. काम झालं की आठवडाभर कागद कोरा राही. मग घाटात दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा डाग. एका वर्षी घराला रंग द्यायचा राहिला, दुसऱ्या वर्षी अंगणातली फरशी राहिली. माहेरचं कोणी आलं की मी त्यांना गाडीच्या पलीकडच्या बाजूनं घरात आणायची.

हे काही बोलत नसत. गॅरेजला जायच्या आदल्या दिवशी मात्र गाडी न चुकता धुवून आणत. इंजिनसुद्धा. मी एकदा विचारलं, उद्या तेलात माखायचीच आहे, तर आज धुता कशाला?

"त्या माणसानं आपल्या चिखलात हात का घालावा?" ते म्हणाले.

गाडी घरी परत आली की ते मला एक काम सांगत. "अगं, इंजिनाला एक टोपडं शिवून दे. मागचं गेलं कुठेतरी."

इंजिनाच्या बाजूनं एक नळी वर आलेली होती. तिच्यावरचं झाकण गाडी घेतली तेव्हाच नव्हतं. सुरगाण्याच्या रस्त्याची धूळ त्यातून आत जाईल म्हणून ह्यांनी ती युक्ती काढली होती. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड मी दुहेरी करून शिवायची, खाली नाडी ओवायची. बारकी टोपी, मुठीत मावेल एवढी. शिवण चांगली झाली की ह्यांना आवडे. "हे टोपडं घालून इंजिन बारशाला बसेल," असं म्हणून ते बॉनेट उघडत आणि नाडी घट्ट बांधत. पुढच्या वेळी गॅरेजमधून गाडी आली की टोपी गेलेली असे. मिस्त्री विसरतात, त्यांना कशाला टोकायचं, असं ह्यांचं म्हणणं. मी दुसरी शिवायची.

सहाव्यांदा की सातव्यांदा गिअरबॉक्स उतरवला, त्या दिवशी मी शाळेतून परस्पर गॅरेजवर गेले. तिथे दोन ट्रकवाले चहा पीत बसले होते. मिस्त्रींनी जुनं सील हातात धरून ह्यांना दाखवलं. "साहेब, सील तर चांगलं व्हतं. तेल का ढकलतंय तेच कळंना."

मी म्हणाले, "मिस्त्री, एकच काम तुम्ही आम्हांला किती वेळा विकणार?"

ट्रकवाल्यांपैकी एकजण हसला. "बाईंनी बरोबर पकडलं," म्हणाला.

मिस्त्रींनी सील फळीवर ठेवलं. हात पुसले. तीन दिवसांनी गाडी तयार झाली, तेव्हा किल्ली त्यांनी ह्यांच्या हातात दिली आणि मजुरी घेतली नाही. ह्यांनी नोटा फळीवर ठेवल्या, त्या त्यांनी तशाच गाडीच्या सीटवर आणून ठेवल्या. वाटेत हे एवढंच म्हणाले, "तू तसं बोलायला नको होतं." मी म्हणाले, "मग तुम्ही बोलायचं होतं." त्यानंतर आम्ही नव्या वसाहतीतल्या मोठ्या गॅरेजला जाऊ लागलो. तिथे छापील बिल मिळे. टोप्या तिथेही हरवत.

दिरांनी पाठवलेलं गिऱ्हाईक म्हणजे देवळालीचे एक निवृत्त हवालदार होते. फौजेत त्यांनी गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कशालाही हात न लावता बराच वेळ बघत राहिले.

"बाई, हे कोणी बांधलं?"

"ह्यांनी. धूळ जाऊ नये म्हणून."

त्यांनी टोपी सोडून माझ्या हातात दिली. तेल आणि धूळ बसून ती चामड्यासारखी कडक झाली होती. "इंजिनाच्या आत धूर तयार होतो," ते म्हणाले. "तो जायला ही एकच वाट. ती बंद झाली की आतला जोर वाढतो आणि तेल सापडेल तिथून बाहेर ढकलतो. कितीही सीलं बदला."

मी टोपी हातात धरून उभी राहिले. भिंतीमागचं पाणी मला आठवलं. दुसऱ्यांना नेहमी सांगत होते ते. मी दर रविवारी ऐकत होते. मीच ती शिवत होते.

हवालदारांनी गाडी चालवून पाहिली. मी त्यांना म्हटलं, आठ दिवस थांबा, मला एकाला भेटून यायचं आहे. रोज संध्याकाळी गाडी गंगापूरपर्यंत फिरवून आणाल का, एवढीच विनंती केली. ते आले, फिरवून आणली, पुन्हा जागेवर लावली. मी खाली कागद घातला. पहिल्या दिवशी रुपयाएवढा डाग होता. चौथ्या दिवशी सगळ्या बातम्या वाचता येत होत्या.

पाचव्या दिवशी मी आग्रा रोडला गेले. मिस्त्री थकले होते. चष्मा आला होता. त्यांनी मला ओळखलं आणि स्टूल पुसून दिलं.

"साहेबांचं कळलं," ते म्हणाले. "येणार व्हतो. मंग वाटलं, तुम्हाला आवडायचं नाय."

मी पिशवीतून ती टोपी काढून फळीवर ठेवली आणि हवालदारांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. मी चुकले, असंही म्हणाले. ते वाक्य मी बसमध्ये मनात बरंच नीट जुळवलं होतं. तिथे ते दोनच शब्दांचं झालं.

मिस्त्रींनी टोपी उलटीपालटी करून पाहिली. "ही तर मी दर टायमाला काढायचो. मला वाटायचं, गाडी धुताना नळीत पाणी जाऊ नये म्हणून बोळा लावलाय धुणाऱ्यानं. गाडी दर टायमाला धुतलेलीच यायची ना तुमची."

"आणि ह्यांना वाटायचं, तुम्ही परत लावायला विसरता."

"मंग म्हणायचं की, माझी टोपी कुठं हाय म्हणून."

"त्यांना वाटायचं, तुम्हाला टोकू नये."

मिस्त्री थोडं हसले. उठून आत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यात पट्ट्यापट्ट्यांच्या टोप्या होत्या, प्रत्येकीत वेगळ्या मापाचे नटबोल्ट भरून नाडी ओढलेली. "शिवण घरच्या माणसाची दिसत व्हती. फेकवंना. मालकानं एकदा जरी मागितली असती, तर कळलं असतं."

मग ते बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसले.

"साहेब एकदा येऊन गेले व्हते, बाई. तुम्ही बोलला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. सुरगाण्याहून सरळ इथंच. गाडी धुळीनं लाल झाली व्हती. चहा प्याले. मी म्हणलो, उघडू का बॉनेट, बघतो नुसतं. तर म्हणले, नको, घरी न सांगता नको. बाईंना विचारतो, मग आणतो."

ह्यांनी मला कधी विचारलं नाही. मी काय उत्तर देईन हे त्यांना माहीत असावं. त्या दिवशी गाडी धुतलेली नव्हती. टोपी नळीवर होती. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं असतं तर धुळीच्या गाडीत तो बोळा कशाचा, हे त्यांनी विचारलंच असतं. हे आम्हां दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं.

निघताना मिस्त्रींनी विचारलं, "साहेबांना हे टोपीचं कळलं व्हतं का?"

"नाही."

"मंग बरं हाय."

मी आणलेली टोपी त्यांना ठेवायला सांगितली. ती ठेवून घेत ते म्हणाले, तुम्हाला घरी ही तेलकट नको, आणि डब्यातली एक रिकामी करून मला दिली. बोल्ट फळीवर ओतले.

गाडी हवालदार घेऊन गेले. ती पुढे बरीच वर्षं चालली, असं ऐकलं. अंगणात अजून फरशी नाही. जिथे कागद असायचा, तिथली माती काळी आहे आणि तिथे गवत उगवत नाही. टोपी शिवणाच्या डब्यात आहे.