फुलसावंगीचा आवाज

आधीच सांगून टाकतो, मी देवापुढे हात जोडतो तेही बायको शेजारी उभी असेल तरच. भूत, करणी, भानामती... असलं कोणी सुरू केलं की मी उठून चहा प्यायला जातो. तुम्हीही हे वाचता वाचता उठून गेलात तर मला राग येणार नाही. राग मला दुसऱ्याच माणसाचा आहे आणि तो आता या जगात नाही.

मी यवतमाळात राहतो. शौक एकच — गिटारचे जुने डिजिटल प्रोसेसर आणि अँप जमवणं. प्रोसेसर म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचा, पायानं दाबायचा डबा. त्यात आवाज हवा तसा बदलून सेव्ह करता येतो. त्या सेव्ह केलेल्या आवाजाला पॅच म्हणतात. आता पोट्ट्यांच्या मोबाइलमध्येच सगळं येतं, म्हणून हे डबे भंगारात गेले. "भाऊ, याले कोन इचारते आता?" म्हणतात. अरे, मी विचारतो ना! आवाज थोडा पत्र्यासारखा, थोडा खोटा आहे, कबूल. पण आमच्या काळच्या वराती त्याच आवाजावर नाचल्या.

तेव्हा आमची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. मोठा भाऊ, म्हणजे दादा, लीड गिटारवर. मी बेसवर. साउंडला कळंबचा रफिक. नवे आवाज शोधून काढायचा तो रफिकच. आवाज ज्या गावात पहिल्यांदा वाजला त्या गावाचं नाव दादा पॅचला द्यायचा — कळंब, राजूर, असं. आणि डिस्प्लेवर काळी चिकटपट्टी! दुसऱ्या पार्टीवाल्यानं स्टेजजवळ येऊन सेटिंग वाचू नये म्हणून. तेव्हा सगळेच लावायचे.

चौदा वर्षांपूर्वी पुसदकडच्या एका पार्टीनं आमचा 'राजूर' वाजवला. हुबेहूब. दादा म्हणाला, "रफिक फुटला."

मी काही विचारलं नाही. भर मांडवात रफिकच्या कानाखाली वाजवली. पहिलीपासूनचा दोस्त माझा; त्याच्या अम्मीच्या हातचा शिरखुर्मा खाऊन मोठा झालो मी. त्यानं हेडफोन काढून अँपवर ठेवला, दादाकडे एकदा पाहिलं आणि गेला. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. पाच वर्षांपूर्वी अम्मी वारली तेव्हा दादा मातीला जाऊन आला. मी घरीच बसलो, वरून दादालाच म्हटलं, "त्या बेइमानाच्या घरी तू कायले गेला?" दादा हात धूत राहिला.

रफिक गेल्यावर मी आणि दादानं एकच नवा आवाज केला होता. कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये सराव करायचो. तिथल्या टिनावरून आवाज जसा परत यायचा, तसाच घुमारा डब्यात बसवला. फुलसावंगीत वाजवला. डिस्प्लेवर आठच इंग्रजी अक्षरं मावायची, म्हणून दादानं नाव दिलं 'फुलसा'. पुढच्या वर्षी पार्टीच मोडली. दादा तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला.

आता मुद्द्याची गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात वणीच्या एका भंगारवाल्याकडे एक प्रोसेसर सापडला. मागे पांढऱ्या ऑइलपेंटनं त्याच पुसदकडच्या पार्टीचं नाव! डिस्प्लेवरची पट्टीसुद्धा तशीच. रविवारी भर दुपारी अँपला जोडला. बायको गच्चीवर तूर वाळत घालत होती. नखानं पट्टी काढली. कळंब. पाय दाबला — राजूर. म्हटलं, चोर लेकाचे! पुन्हा दाबला.

फुलसा.

तार छेडली... आणि जिनिंगच्या टिनाचा तोच घुमारा. वरून बायको ओरडली, "अवो, दादासारखं कोन वाजवून राह्यलं?"

मी तारेवर हात ठेवून आवाज थांबवला. रफिक तर हा आवाज बनायच्या आधीच गेला होता. जगात या आवाजाचं सेटिंग मला आणि दादालाच माहीत होतं आणि मी ते कोणाला दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कळंबला गेलो. रफिकचं रिपेअरिंगचं दुकान आहे. दाढी पांढरी झाली त्याची. मला पाहून फक्त म्हणाला, "ये. बस." मी डबा पुढे केला. "लाव. तिसरा पॅच पाह्य."

लावला. सगळीकडे कंपनीची नावं. कळंब नाही, राजूर नाही, काही नाही. चार वेळा बंद-चालू केलं. मग त्यानं स्क्रू काढले.

"संजू, यात बॅटरीच नाई," तो म्हणाला. "हे पाह्य, खोबनीले गंज किती जुना हाय. डबा करंटवर चालते, पन बॅटरी नसली तं सेव्ह केलेलं काईच टिकत नाई यात, पार कोरा होते हा डबा. तू पाह्यलं काय?"

मी सगळं सांगितलं. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"फुलसा. मले मालूम हाय."

"तुले कसं मालूम? तू तं गेलता!"

"दादा आलता इथं. अम्मी जायच्या आंदीच्या साली. याच स्टुलावर बसून रडला. म्हने, त्या पार्टीत लीडची जागा भेटनार होती, म्हनून सोता बसून आवाज भरून देल्ले त्यायच्या डब्यात, मी गेल्यावर फुलसाबी. जागा तं देल्लीच नाई त्यायनं. माफी मांगतली मले."

"अन् मले?"

"म्हने, संजूले सांगू नको. त्याच्या नजरेतून उतरीन मी."

"अन् तूबी गप बसला?"

"तू इचारलं कवा?"

त्यानं चहा मागवला. डब्यात नवी बॅटरी टाकून दिली.

तो डबा माझ्याकडे आहे, पण 'फुलसा' पुन्हा कधी आला नाही. बॅटरीशिवाय त्या दुपारी काय वाजलं, रफिकला सांगता येत नाही, मलाही नाही. बायको म्हणते, दादांचा जीव अडकला होता, सांगून गेले. असेल. नसेल. मेल्यावर सांगितलंस, लय उपकार केले!

दादा, शेवटपर्यंत एका ताटात जेवलो आपण. मातीहून आला तू त्या दिवशी, हात धूत होता, म्या रफिकले बेइमान म्हटलं, तवाबी तुले तोंड उघडता नाही आलं? एका दिवसाआधी सांगतलं असतं तं अम्मीले माती द्याले गेलो असतो रे मी.